जाहीरनाम्याला करार म्हणू नये

मानवी हक्क दिनाच्या निमित्ताने, म्हणजे गेल्या 10 डिसेंबरला, ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात झालेल्या चर्चेला मी गेले होते. विषय पोलीस कोठडीतील मारहाणीचा होता आणि बोलणारे दोघेही तळमळीचे होते. पहिल्या वक्त्यांनी सांगितले की, 1948 च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यावर भारताने सही केलेली असल्यामुळे त्यातील प्रत्येक कलम भारत सरकारवर कायद्याने बंधनकारक आहे आणि त्याचा भंग करणाऱ्या अधिकाऱ्याला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचता येते. दुसऱ्यांनी त्यांना उत्तर दिले की, संयुक्त राष्ट्रांचे सगळे कागद एकाच मोलाचे आहेत. त्यांच्यामागे पोलीस नाही, तुरुंग नाही, जप्ती नाही. आपल्या राज्यघटनेत जे लिहिले आहे तेवढेच खरे आणि बाकीचे शोभेचे. सभागृहाने दोघांनाही सारख्याच टाळ्या दिल्या. परस्परांना छेद देणाऱ्या दोन विधानांना एकाच वेळी टाळ्या मिळतात तेव्हा चर्चेचा विषय श्रोत्यांपर्यंत पोहोचलेलाच नसतो, असे मला वाटते.

दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि त्यांतली पहिली चूक मला अधिक काळजीची वाटते, कारण ती हक्कांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसांची आहे. जाहीरनामा आणि करार यांत कायद्याचा खराखुरा फरक आहे. तो पुसून टाकल्याने हक्क बळकट होत नाहीत. ज्या कागदाने सरकार आज खरोखर बांधलेले आहे तो कागद आणि ज्या कागदाने बांधून घेण्याचे सरकार कित्येक वर्षे टाळत आले आहे तो कागद, असे दोन्ही त्या गोंधळात नजरेआड होतात. आणि तरीही, बंधनकारक नाही म्हणून निरुपयोगी आहे, हा दुसऱ्या वक्त्यांचा निष्कर्ष आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासाने खोटा ठरवलेला आहे. ठाण्याच्या न्यायालयात बरीच वर्षे अर्ज आणि कैफियती लिहिल्यामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. चुकीच्या कागदावर सगळा भार टाकलेला अर्ज पहिल्याच प्रश्नाला कोसळतो, आणि त्याच्याबरोबर त्यातली खरी तक्रारही कोसळते.

आधी वस्तुस्थिती पाहू. 10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जो मंजूर केला तो ठराव होता. 48 राष्ट्रांनी बाजूने मत दिले, विरोधात एकही मत पडले नाही, आणि सोव्हिएत गटातील सहा देश, सौदी अरेबिया व दक्षिण आफ्रिका असे आठ जण तटस्थ राहिले. ठरावावर मत दिले जाते, सही केली जात नाही. त्यामुळे 'भारताने सही केली' हे वाक्य मुळातच निराधार आहे. भारताने बाजूने मत दिले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मसुदा तयार करणाऱ्या आयोगात भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी पहिल्या कलमातील 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांच्या जागी 'सर्व माणसे' असे शब्द आणवले. आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांनी आमसभेपुढे स्वतःच स्पष्ट केले होते की, हा मसुदा म्हणजे करार नाही आणि कायदेशीर दायित्व सांगण्याचा त्याचा दावाही नाही. ज्यांनी तो घडवला त्यांनी जो दावा केला नाही, तो आपण त्यांच्या नावावर का करावा?

करार पुढे आले, आणि त्यासाठी अठरा वर्षे लागली. 16 डिसेंबर 1966 रोजी दोन आंतरराष्ट्रीय करारनामे स्वीकारले गेले, एक नागरी व राजकीय हक्कांचा आणि दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. पुरेशा देशांनी त्यांना मान्यता देऊन ते अंमलात यायला 1976 साल उजाडले. जाहीरनामा आणि नागरी हक्कांचा करारनामा शेजारी शेजारी ठेवून वाचले तर फरक वाक्याच्या कर्त्यातच दिसतो. जाहीरनामा म्हणतो, 'प्रत्येकाला हक्क आहे.' करारनाम्याचे दुसरे कलम म्हणते की, प्रत्येक सहभागी राष्ट्र हे हक्क पाळण्याची आणि त्यांची हमी देण्याची जबाबदारी स्वीकारते. पहिल्या वाक्यात माणूस आहे, पण देणेकरी नाही. दुसऱ्यात देणेकऱ्याचे नाव लिहिलेले आहे. भारत या दोन्ही करारनाम्यांत 10 एप्रिल 1979 रोजी सामील झाला, आणि तीन महिन्यांनी, 10 जुलै 1979 पासून, भारत बांधला गेला, 1948 पासून नव्हे.

या गोंधळाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. मराठी वर्तमानपत्रांत 1948 च्या दस्तऐवजाला कधी 'जाहीरनामा' म्हणतात, तर कधी 'मानवी हक्कांची सनद'. निवडणुकीतल्या आश्वासनांनाही आपण जाहीरनामाच म्हणतो, त्यामुळे तो शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आधीच हलका झालेला असतो. याउलट 'सनद' हा वजनदार शब्द आहे. सनद म्हणजे राज्यकर्त्याने शिक्क्यानिशी दिलेला हक्काचा कागद; एकोणिसाव्या शतकात इनाम कमिशनपुढे ज्यांना सनदा दाखवता आल्या नाहीत अशा कित्येकांची इनामे गेली. माझ्या व्यवसायात तर सनद नसेल तर न्यायालयात उभेच राहता येत नाही. एकाच कागदाला सकाळी जाहीरनामा आणि संध्याकाळी सनद म्हटले, तर ऐकणाऱ्याने त्याची किंमत ठरवायची तरी कशी?

ठाण्यातल्या माणसाला हा फरक परक्या उदाहरणाने समजावण्याची गरजही नाही. घोडबंदर रस्त्यावर घर घेतलेल्या कोणालाही विचारा. आधी हातात येते ते माहितीपत्रक, त्यात तरणतलाव असतो, बाग असते, चोवीस तास पाणी असते. मग येते बुकिंगची पावती. मग मुद्रांक शुल्क भरून नोंदणी केलेला करारनामा, आणि शेवटी, कधी कधी फार उशिरा, ताबा. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पायऱ्याही जवळपास अशाच आहेत. जाहीरनामा हे माहितीपत्रक आहे. करारावरची सही म्हणजे बुकिंगची पावती: कराराच्या उद्देशालाच सुरुंग लागेल असे काही न करण्याचे पथ्य त्या सहीने येते, पण घर अजून तुमचे झालेले नसते. अनुसमर्थन, म्हणजे सरकारने रीतसर दिलेली अंतिम मान्यता, ही नोंदणी आहे. आणि भारतासारख्या देशात ताबा मिळतो तो संसदेने कायदा केल्यावर. आपल्याकडे करार आपोआप देशाचा कायदा होत नाही. राज्यघटनेच्या कलम 253 नुसार करार अंमलात आणणारा कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे, आणि कलम 51 आंतरराष्ट्रीय कायदा व करारांतील दायित्वे यांच्याविषयी आदर वाढवण्यास सांगते, तेही मार्गदर्शक तत्त्व म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात हेच सांगितले. कर्ज फेडण्याची ऐपत नसलेल्या माणसाला तुरुंगात टाकू नये, असे नागरी हक्कांच्या करारनाम्याचे अकरावे कलम म्हणते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी करारनामा थेट लागू होत नाही हे मान्य केले आणि तरीही त्याच्या प्रकाशात आपल्याच दिवाणी प्रक्रिया संहितेचा अर्थ लावून ऋणकोंना न्याय दिला.

माहितीपत्रकाच्या या उदाहरणात अजून एक गोष्ट आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. पूर्वी माहितीपत्रकाला कोणी विचारत नसे, 'ते फक्त कल्पनाचित्र होते' एवढे सांगून विकासक सुटत असे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याच्या बाराव्या कलमाने हे बदलले. जाहिरातीतील वा माहितीपत्रकातील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला नुकसानभरपाई मागण्याचा हक्क मिळाला. माहितीपत्रक म्हणून काढलेला कागद आपल्या अंगच्या बळाने बंधनकारक झाला नाही, दुसऱ्या एका कायद्याने त्याला ते बळ दिले. जाहीरनाम्यांच्या बाबतीत 'बंधनकारक आहे की नाही' याच्या जोडीला 'त्याला बळ कोण देऊ शकतो' हाही प्रश्न विचारायला हवा, तो यासाठी.

आता दुसऱ्या वक्त्यांच्या बाजूचे सगळ्यांत भक्कम म्हणणे मांडते, कारण त्यांनी स्वतः ते मांडले नाही. त्यांना म्हणता आले असते की, जाहीरनाम्यांचे सोडा, करारही बांधत नाहीत. त्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. 1926 चा गुलामगिरीविरोधी करार ब्रिटिश हिंदुस्थानने 1927 मध्येच मान्य केला होता. आसाम व ब्रह्मदेशातील काही प्रदेश आणि संस्थाने त्याच्या काही कलमांतून वगळली होती. पण ठाणे जिल्हा थेट ब्रिटिश अंमलाखाली होता, म्हणजे करार इथे पूर्णपणे लागू होता. तरीही 1945 मध्ये, अठरा वर्षांनंतर, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वारल्यांमध्ये 'लग्नगडी' होते. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या चार पैशांपायी नवराबायको दोघेही जमीनदाराच्या घरी आयुष्यभर राबत. त्या वर्षी वारल्यांची काही माणसे टिटवाळ्याच्या किसान सभेच्या अधिवेशनाला आली, मग तलासरीजवळच्या झरी गावात सभा झाली, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिले, आणि वेठ मोडली ती वारल्यांनी एकजुटीने नाही म्हटल्यावर. जिनिव्हात झालेला करार झरीपर्यंत पोहोचलाच नव्हता. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

त्यांना असेही म्हणता आले असते की, नागरी हक्कांच्या करारनाम्यावर देखरेख करणाऱ्या समितीपुढे भारताच्या तिसऱ्या अहवालाची तपासणी 1997 मध्ये झाली आणि चौथ्याची थेट 2024 मध्ये. सत्तावीस वर्षे परीक्षाच न देणाऱ्या विद्यार्थ्याला नियम बांधतात असे कसे म्हणावे? शिवाय वैयक्तिक तक्रारीची वाट मोकळी करणारा ऐच्छिक पूरक करार भारताने स्वीकारलेला नाही, त्यामुळे कळव्यातला वा कोपरखैरण्यातला नागरिक त्या समितीकडे दाद मागू शकत नाही. आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयात फक्त राष्ट्रे राष्ट्रांविरुद्ध जातात. तिथे फौजदाराला 'खेचता' येत नाही. पहिल्या वक्त्यांचे ते वाक्य ऐकून एखादा पीडित माणूस खरोखर हेगमधल्या त्या न्यायालयाचा पत्ता शोधू लागला, तर त्याच्या फुकट गेलेल्या महिन्यांची जबाबदारी कोण घेणार?

पण या सगळ्यातून 'कागद शोभेचे' हे सिद्ध होत नाही. यातून एवढेच दिसते की, कागद स्वतः चालत जात नाही. जिथे त्याला कोणी नेले, तिथे करारानेही आणि जाहीरनाम्यानेही काम केले आहे. 1979 मध्ये करारनाम्यात सामील होताना भारताने एक अट राखून ठेवली होती की, बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा हक्क देणारे कलम 9(5) आपल्या कायद्यात बसत नाही. चौदा वर्षांनी, 1993 मध्ये, मुलाच्या कोठडीतील मृत्यूबद्दल ओडिशातील नीलाबती बेहेरा या आईने दाद मागितली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिलीच, आणि त्यासाठी आधार म्हणून याच कलमाचा उल्लेख केला. पुढे कोठडीतील अत्याचारांविषयीच्या डी. के. बसू प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, ती राखीव अट आता अर्थहीन झाली आहे. 1997 च्या विशाखा निकालातही हेच दिसते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा नव्हता. पण स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव दूर करण्याच्या कराराला भारताने 1993 मध्ये मान्यता दिलेली होती, आणि त्याच्या आधारे न्यायालयाने मार्गदर्शक नियम घालून दिले. संसदेचा कायदा त्यानंतर सोळा वर्षांनी, 2013 मध्ये आला. आज नवी मुंबईच्या कार्यालयांत भिंतीवर अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे लावलेली दिसतात, त्यांच्यामागे हा प्रवास आहे.

पहिल्या वक्त्यांच्या बाजूनेही एक चांगला युक्तिवाद आहे. बंधनकारक आणि अबंधनकारक यांच्यामधली भिंत तितकी उंच नाही, असे त्यांना म्हणता आले असते. 1976 मध्ये पॅराग्वेतल्या असुन्सिओन शहरात होएलितो फिलार्तिगा या सतरा वर्षांच्या मुलाचा छळ करून खून झाला. तो करणारा पोलीस अधिकारी पुढे न्यूयॉर्कमध्ये सापडला आणि कुटुंबाने तिथे दावा लावला. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करार तेव्हा अस्तित्वातच नव्हता. होता तो 1948 चा जाहीरनामा आणि छळाविरुद्ध 1975 मध्ये आमसभेने मंजूर केलेला आणखी एक जाहीरनामा. अमेरिकी अपील न्यायालयाने 1980 मध्ये ठरवले की, छळ न करणे हा आता राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारातून रुजलेला, सर्वांवर बंधनकारक असा रूढ नियम झाला आहे, आणि त्याचा पुरावा म्हणून या जाहीरनाम्यांकडे बोट दाखवले. आपल्याकडे 2014 च्या नालसा निकालात तृतीयपंथीयांच्या ओळखीचा हक्क मान्य करताना सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक ओळखीच्या हक्कांविषयीच्या योग्याकार्ता तत्त्वांचा आधार घेतला. ती तर कोणत्याही सरकारने मंजूर केलेली नाहीत. 2006 मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून लिहिलेली आहेत.

हे सगळे मान्य करूनही मी म्हणते की, यावरून 'जाहीरनामा बंधनकारकच असतो' असा अर्थ काढणे ही घाई आहे. फिलार्तिगा प्रकरणात न्यायालयाने जाहीरनामा हा कायदा आहे असे म्हटले नाही. रूढ नियम तयार झाला आहे याचा तो पुरावा आहे असे म्हटले. छळ आणि गुलामगिरी यांच्या बाबतीत असा पुरावा भक्कम आहे, पण जाहीरनाम्यातील पगारी सुट्टीच्या हक्काबद्दल तसा दावा कोणी गंभीरपणे करणार नाही. आणि जिथे न्यायालयाला ऐकायचेच नव्हते, तिथे जाहीरनामा किती अपुरा पडला हे आपण पाहिले आहे. 28 एप्रिल 1976 रोजी एडीएम जबलपूर प्रकरणात आणीबाणीतल्या स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद झाले. जाहीरनाम्याचा आधार बहुमताने स्वीकारला नाही. एकट्या न्यायमूर्ती खन्ना यांनी आपल्या भिन्नमत निकालात म्हटले की, कायद्याचे दोन अर्थ निघत असतील तर आंतरराष्ट्रीय कायद्याशी जुळणारा अर्थ घ्यावा. विशेष म्हणजे नागरी हक्कांचा करारनामा त्याआधी जेमतेम महिनाभर, 23 मार्चला, जगात अंमलात आला होता. भारत त्यात नव्हता. आणीबाणी उठल्यावर आलेल्या सरकारच्या काळात भारत सामील झाला. ज्यांनी तुरुंग पाहिला होता त्यांना माहितीपत्रक आणि नोंदणी यांतला फरक कोणी शिकवावा लागला नाही.

आपल्या इतिहासात या प्रश्नाचा सगळ्यांत सखोल धडा पॅरिसच्या आधी दोन दशके महाडमध्ये दिला गेला. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य वर्गाला वापरू द्याव्यात, अशी त्यात शिफारस होती. ही शिफारस होती, कायदा नव्हता. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. दोन ठराव झाले, पण तळ्यावर कोणी अस्पृश्य पाणी भरायला जाऊ शकला नाही. 1926 मध्ये बोले यांना पुन्हा ठराव आणावा लागला की, जी मंडळे अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे अनुदान थांबवावे. तीन वर्षांत काहीच हलले नाही याची ती जाहीर कबुलीच होती.

मग 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. ते रिकाम्या हाताने गेले नव्हते. कायदे मंडळाचा ठराव आणि नगरपालिकेचा ठराव त्यांच्या पाठीशी होते, आणि त्यामुळे त्यांचे जाणे हे कायदा मोडणे ठरत नव्हते. सरकारनेच जे मान्य केले ते प्रत्यक्षात वापरणे होते. अबंधनकारक ठरावाचा खरा उपयोग हाच असतो. तो दुसऱ्यांना बांधत नसला तरी आपल्याला पाय ठेवायला जमीन देतो. पण त्याची मर्यादाही त्याच वर्षी उघडी पडली. ऑगस्टमध्ये महाड नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव मागे घेतला. जो ठरावाने मिळतो तो हक्क ठरावाने जातोही! डिसेंबरमध्ये सनातन्यांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळवला, आणि 25 डिसेंबरच्या परिषदेत, जिथे माणसाच्या जन्मसिद्ध समान हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, तिथेच तळ्यावर पुन्हा जाणे तहकूब करावे लागले.

दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. महाडच्या न्यायालयात, मग अपिलात आमच्या ठाण्याच्या न्यायालयात, आणि अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात. निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. पण तो कशाच्या बळावर लागला, हे नीट पाहायला हवे. बोले ठरावाला न्यायालयाने कायदा मानले म्हणून तो लागला नाही. वादींना आपली तथाकथित अनादी रूढी सिद्ध करता आली नाही म्हणून लागला. आंबेडकर स्वतः बॅरिस्टर होते. ठराव कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे त्यांना पक्के माहीत होते. म्हणून तळ्यावर जाताना त्यांनी ठराव हाती घेतला आणि न्यायालयात रूढीच्या पुराव्यालाच आव्हान दिले. पुढे संधी मिळाली तेव्हा त्यांनी ते सगळे नोंदणीकृत करून टाकले. राज्यघटनेचे कलम 15(2) उघडून पाहा. सार्वजनिक निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात भेदभाव करता येणार नाही, असे ते म्हणते. 1923 च्या शिफारशीचाच आशय 1950 मध्ये देशाचा सर्वोच्च कायदा होऊन आला. जाहीरनाम्यांना कमी लेखणाऱ्यांनी ही सत्तावीस वर्षे वाचावीत, आणि जाहीरनाम्यालाच कायदा समजणाऱ्यांनीही.

युरोपातले एक उदाहरण थोडक्यात सांगते. 1975 च्या हेलसिंकी दस्तऐवजावर पस्तीस राष्ट्रांनी सह्या केल्या, पण तो करार नाही हे त्यातच नमूद होते. सोव्हिएत नेत्यांना त्यातील सीमांची मान्यता हवी होती, मानवी हक्कांची कलमे निरुपद्रवी वाटली. वर्षभरात मॉस्कोत त्या कलमांच्या पालनावर नजर ठेवणारा नागरिकांचा गट उभा राहिला. त्याचे संस्थापक युरी ऑर्लोव्ह तुरुंगात गेले. जानेवारी 1977 मध्ये चेकोस्लोव्हाकियातील लेखक-विचारवंतांनी चार्टर 77 काढला. त्यात त्यांनी हेलसिंकीचा उल्लेख केलाच, पण सुरुवात केली ती नागरी हक्कांचा करारनामा देशाच्या अधिकृत कायदेसंग्रहात प्रसिद्ध झाला आहे या मुद्द्याने. हुकूमशाहीत जगणाऱ्या त्या माणसांनी कोणता कागद बंधनकारक आणि कोणता नाही, याची काटेकोर मांडणी केली होती, कारण ढिलाई त्यांना परवडणारी नव्हती.

आपल्याला तरी ती कुठे परवडते? ज्या विषयावर ती सभा होती त्याच विषयात सांगते. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करार 1984 मध्ये स्वीकारला गेला. जगातील 170 हून अधिक राष्ट्रे त्यात पूर्णपणे सामील आहेत. आपले शेजारी नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, पाकिस्तान, चीन, सगळे आहेत. भारताने 14 ऑक्टोबर 1997 रोजी सही केली, अनुसमर्थन आजवर केलेले नाही. 2010 मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले, आणि पुढे ते व्यपगत झाले, म्हणजे मुदत संपून बारगळले. ऑक्टोबर 2017 मध्ये विधी आयोगाने आपल्या 273 व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस केली. म्हणजे बुकिंगची पावती हातात, आणि नोंदणी नाहीच. अशा वेळी व्यासपीठावरून 'छळबंदी भारतावर जाहीरनाम्यानेच बंधनकारक आहे' असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला वाटते की मागण्यासारखे काही उरलेलेच नाही. सरकारला अनुसमर्थनाबद्दल प्रश्न विचारणाराच त्यामुळे नाहीसा होतो.

यावर शासनाच्या बाजूने दिला जाणारा प्रतिवाद असा की, आपल्याकडे कायदे पुरेसे आहेत. कबुली वदवून घेण्यासाठी दुखापत करणे हा भारतीय दंड विधानाच्या कलम 330 नुसार गुन्हा होताच आणि नव्या न्याय संहितेतही तो आहे. हा मुद्दा खोटा नाही, अपुरा आहे. ते कलम कबुली, माहिती किंवा मालमत्ता काढून घेण्यासाठी केलेल्या दुखापतीपुरते आहे. दहशत बसवण्यासाठी, अद्दल घडवण्यासाठी, जातीवरून वा धर्मावरून केलेला छळ, आणि शरीरावर वळ न उठवणारा मानसिक छळ, हे सगळे करारातील व्याख्येत येते आणि त्या कलमात येत नाही. दुसरा प्रतिवाद असा की, अनुसमर्थन केलेल्या देशांतही छळ थांबलेला नाही. हे खरे आहे, त्यासाठी चीनचे नाव घेणे पुरेसे आहे. पण कुलूप फोडणारे चोर आहेत म्हणून कोणी दाराला कडी लावायची सोडत नाही. आणि अनुसमर्थन न करण्याचीही किंमत आहे. 1995 च्या पुरुलिया शस्त्रास्त्र प्रकरणातील आरोपी किम डेव्ही याला भारताच्या हवाली करण्यास डेन्मार्कच्या उच्च न्यायालयाने 2011 मध्ये नकार दिला, तो भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे या कारणाने. ज्यांना आंतरराष्ट्रीय करार हे आपल्या सार्वभौमत्वावरचे ओझे वाटते, त्यांनी या निकालाचा विचार करावा.

सभा संपल्यावर कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी मला जिन्याजवळ भेटली. तिच्या ओळखीतल्या एका कातकरी तरुणाला चौकीत मारहाण झाली होती आणि राज्य मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करायचा होता. तिने मसुदा दाखवला; पहिल्या पानावर 1948 च्या जाहीरनाम्याचे पाचवे कलम ठळक अक्षरांत होते आणि 'भारतावर बंधनकारक' असे लिहिले होते. "मॅडम, हे काढून टाकू का?" तिने विचारले. मी म्हटले, "काढू नकोस, खाली ने. वर आधी घटनेचे कलम 21 लिही. त्याखाली मानवी हक्क संरक्षण कायदा, 1993, कलम 2, कारण मानवी हक्कांची व्याख्या करताना त्यानेच दोन आंतरराष्ट्रीय करारनाम्यांचे नाव घेतले आहे. मग नागरी हक्कांच्या करारनाम्याचे कलम 7 आणि 10, भारत सामील झाल्याच्या तारखेसह. मग डी. के. बसू. जाहीरनामा शेवटच्या परिच्छेदात येऊ दे, भारताने बाजूने मत दिले एवढेच लिही." तिने पेनाने बाण काढले. "आणि घटना घडून एक वर्ष व्हायच्या आत अर्ज दाखल कर, नंतर आयोग चौकशी करू शकत नाही." तिने तारीख मोजली, सात महिने झाले होते. जिना उतरताना तिने विचारले, "छळविरोधी कराराचा उल्लेख करू?" मी म्हटले, "जरूर कर. सही 1997, अनुसमर्थन नाही, असे स्पष्ट लिही. आयोगाला शिफारशी करण्याचा अधिकार आहे, तर अर्जाच्या शेवटी मागणी घाल की, अनुसमर्थनाची शिफारस आयोगाने शासनाला करावी." ती मागणी तिने तिथेच, जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून, लिहून घेतली.